वहीतलं पहिलं नाव

बाबूजी, तुमचा झेरॉक्सचा गठ्ठा अजून छपरीतल्या खुंटीलाच आहे. धानाच्या बियाण्याच्या पिशवीत घातलेला, वरून सुतळीनं बांधलेला. मायनं तुमचा गमछा धुतला, चपला देऊन टाकल्या, खाट उन्हात टाकून परत आत घेतली. त्या पिशवीला मात्र तिनं हात लावला नाही. म्हणाली, "ते तुमचं दोघायचं आहे. तूच पाह्य."

मी पाहत नाही. तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. तेरवी झाली, पाहुणे गेले, बोदलकशाची मावशी तेवढी मायसोबत राहिली आहे. मधेच परीक्षेचं प्रवेशपत्र आलं. मोबाइलमध्ये आहे. केंद्र नागपूर. माझा फोटो, माझं नाव, आणि नावाच्या मधोमध तुमचं नाव.

तेरवीला सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. देवमाणूस होता म्हणाले. मला त्याचा राग आला. तुम्ही देवमाणूस नव्हते. तुम्ही हट्टी होते. तोच हट्ट तुम्ही मला दिला, आणि आपल्या दोघांच्या हट्टात तुमचा जीव गेला. हे घरात कोणी बोलत नाही, म्हणून मी इथं लिहिते.

गावचं तळं आपल्याच पूर्वजांनी बांधलं असं तुम्ही सांगायचे. खरं-खोटं मला माहीत नाही. पण तळ्याच्या पाण्याची वही आपल्या घरात होती, हे खरं. कोणाच्या बांधीत, धानाच्या कोणत्या तुकड्यात, कधी पाणी जाईल, किती वेळ जाईल, आणि कोणाच्या मागून कोण. तळ्याच्या काठातलं पाणी सोडायचं दार, ते तुडुम, तुमच्याशिवाय कोणी उघडत नव्हतं. पाळी नसली तर सरपंचालाही नाही आणि सोयऱ्यालाही नाही. एका वर्षी आपलीच बांधी भेगाळली होती आणि आपली पाळी दोन दिवसांनी होती. मायनं ताट आपटलं.

"घरचा धान जळून राहिला, अना हे दुसऱ्याच्या बांधीत पाणी सोडून राहिले!"

तुम्ही भात कालवत म्हणाले, "मंग का करू? घरचं आहे म्हणून मधात घुसू का?"

पाळी झाली की वहीतल्या त्या नावावर पेन्सिलीनं आडवी रेघ मारायचे. रेघ पडली म्हणजे त्या माणसाचं तळ्याकडं काही मागणं उरलं नाही. मी लहान असताना ती रेघ मारायला मला द्यायचे. वाकडी झाली तर म्हणायचे, "असू दे, पाणी सरळ गेलं ना."

आपल्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. शाळा दवनीवाड्याला, बारावी गोंदियाला. इथं डॉक्टरीला जागा मिळाली नाही, म्हणून किर्गिझस्तानला गेले. मला त्या देशाचं नाव सांगता येत होतं, तुम्हाला नाही. तुम्ही सगळ्यांना सांगायचे, "बर्फात गेली." पहिल्या महिन्यात फोनवर विचारलं होतं, आठवते?

"तिकडं धान होते का व बाई?"

"नाही बाबूजी. बर्फ होते."

"मंग खातेत का ते लोक?"

"घोडा."

तुम्ही हळूच म्हणाले, "मायले नको सांगजो."

शेवटच्या वर्षाला मी तुम्हाला परीक्षेचं सांगितलं. बाहेरच्या देशातून डॉक्टरी शिकून आलेल्याला इथं येऊन सुईसुद्धा टोचता येत नाही. आधी इथली परीक्षा पास व्हावी लागते, मग रजिस्ट्रेशन. तीनशे प्रश्न, सगळे एकाच दिवशी, निम्मे बरोबर आले तर पास. आणि पास होणारे थोडे, राहणारे जास्त. मला वाटलं तुम्ही घाबराल. तुम्ही म्हणाले, "म्हणजे धान तिकडं पिकवला, अना मोजाचा काटा इथचा. बरोबरच आहे. काटा तं इथचाच पाह्यजे."

होस्टेलमध्ये सगळ्यांचे गट होते. चार-चार जण मिळून प्रश्न सोडवायचे, एकमेकांना तपासायचे. मला त्यांच्यात बसवत नव्हतं. माझं इंग्रजी अडखळायचं, आणि चुकलं की कोणी हसलं तर मला दोन दिवस ते विसरता यायचं नाही. म्हणून मी तुम्हाला उत्तरांच्या पानांचे फोटो पाठवले. त्यात प्रश्न नाहीत. नुसता आकडा आणि त्याच्यासमोर ए, बी, सी नाहीतर डी. चौथी शिकलेल्या माणसानं डॉक्टरीची उत्तरं तपासायची. मला दुसरं कोणी नव्हतं, बाबूजी.

मोबाइलवर बारीक दिसते म्हणून तुम्ही गोंदियाला जाऊन सगळ्याचा झेरॉक्स काढून आणला. दुकानदारानं विचारलं, "काका, ये तो एक्झाम की चाबी है. कौन दे रहा एक्झाम?" तुम्ही म्हणाले, "हमच दे रहे." "काहे की?" "डॉक्टरी की." त्यानं वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "पास हो गये तो बताना, मेरा घुटना दुखता है." ही गोष्ट तुम्ही मला निदान वीस वेळा सांगितली असेल. दरवेळी मी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसले. खोटं नाही हसले.

चार अक्षरं तुम्ही तुमच्या पद्धतीनं शिकले. ए म्हणजे छप्पर, बी म्हणजे दोन पोटं, सी म्हणजे विळा, डी म्हणजे धनुष्य. माझा कॉलेजमधून आल्यावरचा चहा आणि तुमची रानातून आल्यावरची आंघोळ, ही दोन्ही झाली की फोन लागायचा.

"सदतीस?"

"सी."

"चूक. छप्पर."

माझी खोलीतली मैत्रीण राजस्थानची होती. तिनं एक दिवस विचारलंच, "तेरे पापा हर बात पे छप्पर क्यूँ बोलते हैं?"

तुम्ही एकदाही खोटं बरोबर म्हटलं नाही. माझा आवाज रडवेला झाला तरी नाही. मी म्हणायची, "बाबूजी, एखादं तं सोडा." तुम्ही म्हणायचे, "म्या सोडलं तरी तिथचा तपासणारा नाही सोडणार." मला तेव्हा चीड यायची. आता वाटते की जगात मला खरं सांगणारा एकच माणूस होता, आणि त्याला इंग्रजीची चारच अक्षरं येत होती.

मी परत आले तेव्हा गावात मी डॉक्टर होते. कायद्यानं नव्हते. दुसऱ्याच दिवशी भागरता काकू छपरीत येऊन बसली. तिचं घर आपल्या कुडाला लागून आणि तिचं तोंड तुम्हाला माहीतच आहे.

"का व डॉक्टरीण, बर्फातून सुई आणली का आमच्यासाठी, का रिकामीच आली?"

मी सांगितलं, रजिस्ट्रेशन होत नाही तोवर मी कोणाला हात लावणार नाही. बीपी नाही, नाडी नाही, गोळीसुद्धा सांगणार नाही. कडकच बोलले मी. कारण आपल्या भागात कशाचाच पत्ता नसलेले लोक पाटी लावून बसतात आणि सलाईन लावतात, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. सहा वर्षं बर्फात काढून मला त्यांच्या ओळीत बसायचं नव्हतं. काकूचं तोंड उतरलं. माय म्हणाली, "एवढं तं पाह्य व तिचं." पण तुमचा चेहरा उजळला होता. मी पाहिला आहे. तुम्ही म्हणाले, "नाही, बरोबर आहे तिचं. पाळी नाही तं तुडुम नाही."

आणि पाण्याची वही काढली, उलटी केली, मागच्या पानावर लिहायला बसले.

"वहिनी, तुमचं नाव लिहून ठेवतो. तिचं रजिस्ट्रेशन आलं का नावानं बोलवीन."

"मंग एक नंबरवर लिहा."

"एक नंबर माहा. वही कोणाची आहे?"

काकू म्हणाली, "पाहा, बुढा पोरीच्या दवाखान्यातबी मधात घुसून राहिला." सगळे हसले. मीही हसले. मग लोक येत गेले, तुम्ही लिहीत गेले. एक माणूस आला की त्याला बाजूला घेऊन बसायचे, तो काहीतरी सांगायचा, तुम्ही मान हलवायचे, लिहायचे. मला ती गंमत वाटली. ती मागची पानं मी कधी उघडून पाहिली नाहीत.

पहिल्यांदा बावीस मार्कांनी गेले. दुसऱ्यांदा चार मार्कांनी. त्या चार मार्कांचं मी तुम्हाला नीट कधी सांगितलं नाही. बावीसनं माणूस पडते तेव्हा कळते की अभ्यास कमी होता. चारनं पडते तेव्हा तीनशेही प्रश्न रोज डोळ्यांपुढून जातात, आणि त्यातले कोणते चार ते कोणी सांगत नाही. तुम्ही विचारलं, "किती?" मी म्हटलं, "चार." तुम्ही म्हणाले, "चारच? एका हाताची बोटंबी नाही भरली." मी आत जाऊन दार लावलं. तुम्ही बाहेर बराच वेळ खाकरत होते, मला ऐकू येत होतं. दार वाजवलं नाही. मीही उघडलं नाही.

त्यानंतर मी घरात कोणाशी धड बोलले नाही. गावात जाणं सोडलं. दुकानात कोणी "डॉक्टरीण बाई" म्हटलं की मला ते चिडवल्यासारखं वाटायचं, मग म्हणणाऱ्याच्या मनात असो नसो. तुमच्याशी बोलणं तेवढं चालू होतं, ते त्या गठ्ठ्यामुळं. दुपारचं जेवण झालं की तुम्ही पिशवी काढून बसायचे. मी प्रश्न वाचायची, उत्तर सांगायची, तुम्ही बरोबर-चूक सांगायचे. मग विचारायचे, "का झालं होतं त्या माणसाले?" आणि मी त्या प्रश्नातला माणूस मराठीत सांगायची. तीस वर्षांची बाई, हातपाय थरथरतात, डोळे बाहेर आलेले. आठ वर्षांचं लेकरू, तोंडावर सूज, लघवी लाल. तुम्ही अगदी गावातलं कोणी असल्यासारखं ऐकायचे. "मंग वाचलं का ते?" मी म्हणायची, "बाबूजी, प्रश्नात तेवढं नसते." तुम्हाला ते पटत नव्हतं. एवढं सगळं विचारतात आणि वाचलं का ते सांगत नाहीत, ही कसली परीक्षा, असं म्हणायचे.

आता उन्हाळ्यातलं सांगते. हे मी मायला सांगितलेलं नाही.

तुम्ही तळ्याकडून आले. गमछ्यानं मान पुसत माझ्यासमोर बसले आणि हात पुढं केला.

"बाई, जरा नाडी पाह्य बरं."

मी पुस्तकातून मान वर केली नाही. "बाबूजी, म्या का म्हटलं होतं?"

"मी का बाहेरचा आहे?"

"घरचं आहे म्हणून मधात घुसू का?"

तुमचंच वाक्य. ते मी तुमच्या तोंडावर फेकलं, आणि मला बरं वाटलं. लपवत नाही. चार मार्कांनी पडलेल्या माणसाला कुठं तरी जिंकायचं असते. तुम्ही हसले. हात मागं घेतला.

"जिंकली तू."

मी म्हटलं, "काही होत असन तं गोंदियाले जाऊन दाखवा."

"घरी डॉक्टर असून मी दुसऱ्याच्या दारात कायले बसू? लोक म्हणतीन, बापालेच भरवसा नाही पोरीचा. माहं नाव पहिलं आहे ना? थांबतो मी."

"थांबा मग," मी म्हटलं.

हेच शब्द होते. थांबा मग.

त्यानंतरची ती दुपार. पाऊस उघडला होता. मावशीनं पाठवलेल्या माशांचं जेवण झालं होतं. मी चाळीसएक प्रश्न केले, त्यातले बत्तीस बरोबर आले, म्हणून मी जरा बऱ्या मनानं होते. तुम्ही गठ्ठा मांडीवर ठेवून म्हणाले, "आज मी एक इचारू?"

"इचारा."

"एक माणूस आहे. सत्तावन वर्साचा. शेतकरी. बांध चढला का छाती भरून येते, कोणी पोतं ठेवल्यावानी. खाली बसला का बरं वाटते. बिडी पीत नाही. तं त्याले का झालं?"

मी टाळी वाजवली, बाबूजी. खरंच वाजवली. "वा! प्रश्न बनवाले शिकले तुम्ही."

"सांग ना."

"स्टेबल अँजायना. हृदयाला रक्त कमी पडते."

"मंग का करायचं त्याचं?"

"ईसीजी. रक्त तपासायचं. ॲस्पिरिन, आणखी दोन-तीन गोळ्या. सोपा आहे हा, कोणाचंही बरोबर येईन."

"अना नाही केलं तं?"

"मग तो पुढच्या प्रश्नात येते. हार्ट अटॅकच्या."

तुम्ही गठ्ठ्याच्या पानावर बोट ठेवून ओळ शोधल्यासारखं केलं. मग म्हणाले, "बरोबर."

मी पुढचा प्रश्न वाचायला घेतला.

त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या झेरॉक्सवर नव्हतं. मग बरोबर आहे हे तुम्हाला कसं कळलं, एवढं तरी माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. सत्तावन्न तुमचं वय, हे मला माहीत होतं. बांध तुमचा होता. मला वाटलं, तुम्ही ओळखीच्या वस्तू घेऊन गोष्ट रचली. सहा वर्षं मला हेच शिकवलं की आधी रोग्याला विचारा, त्याचं ऐका. एकच शब्द विचारायचा होता. "कोणाले?" तेवढं विचारलं असतं तर तुम्ही खोटं बोलले नसते. तुम्हाला खोटं बोलताच येत नव्हतं. म्हणून तर तुम्ही प्रश्न करून विचारलं. पहिलं नाव तुमचं होतं, रजिस्ट्रेशन यायचं होतं, म्हणून तुम्ही आपली तक्रार दुसऱ्या माणसाच्या अंगावर घालून माझ्यापुढं ठेवली. ना तुमचा नियम मोडला, ना माझा.

अकरा दिवसांनी, सकाळी, मागून पिकणाऱ्या धानाला शेवटचं पाणी द्यायचं होतं. पाळी देवाजीची होती. तुम्ही चहा पिऊन गेले. जाताना माझ्याकडं पाहिलं की नाही ते मला आठवत नाही, मी खूप आठवून पाहिलं. फोन देवाजीचा आला.

"डॉक्टरीण बाई, तुमचे बाबूजी तुडुमापाशी बसले ते उठूनच नाही राहिले. घाम सुटला आहे. लवकर या."

"एकशे आठला लावला का फोन?"

"कायले? तुम्ही आहा ना."

चार माणसं होती तिथं. चौघांकडं मोबाइल होता, एकाकडं मोटारसायकल. चौघंही गमछे हातात घेऊन उभे, माझी वाट पाहत. त्यांचा दोष नाही. त्यांच्या गावात डॉक्टर होती, मग त्यांनी डॉक्टरला बोलावलं. धावता धावता मीच गाडीला फोन केला. पोचले तेव्हा तुमचा श्वास नव्हता.

मी तुमच्या छातीवर हात ठेवले. पुतळ्यावर शिकवलं होतं तसे, तळहातावर तळहात. तीस वेळा दाबा, दोन वेळा श्वास. मोठ्यानं मोजत होते. मला वाटते मी मराठीत मोजत होते. खाली मऊ माती होती म्हणून तुम्हाला दगडी काठावर ओढून घ्यायला लावलं. गाडी येईपर्यंत मी थांबले नाही. तुडुम अर्धं उघडं होतं आणि पाणी देवाजीच्या बांधीकडं चाललं होतं, तो आवाज सगळा वेळ येत होता.

दवाखान्यातला डॉक्टर माझ्याच वयाचा होता. त्यानं तुमच्या डोळ्यांत बॅटरी मारली, घड्याळ पाहिलं. मग मला विचारलं, "सीपीआर कोणी दिला? नीट दिलेला आहे. तुम्ही मेडिकलच्या आहात का?"

मी म्हटलं, "नाही. मुलगी आहे त्यांची."

तिसऱ्या दिवशी देवाजी आला. दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, "बाई, त्या दिवसापासून पाणी माह्याच बांधीत जाऊन राहिलं. बंद कराची कोणाची हिंमत नाही होत. आता पुढं कोणाची पाळी आहे, वही पाहून सांगता का?"

मी वही काढली, पुढचं नाव सांगितलं, देवाजीच्या नावावर रेघ मारली. मग वही उलटी केली.

एकोणीस नावं आहेत. प्रत्येक नावापुढं तक्रार लिहिली आहे, तुमच्या त्या सुट्या सुट्या अक्षरात. बाजूला घेऊन बसायचे ते याच्यासाठी. कोणाचा खोकला, कोणाची कंबर, कोणाला लघवीचा त्रास. दोन नंबरला भागरता वहिनी, पाय. आणि एक नंबरला, नाव जुनं, पुढची तक्रार मागून भरलेली: "मी. छाती. चढताना. चैत्रापासून."

चैत्रापासून, बाबूजी. हात पुढं केला होता त्याच्याही आधीपासून.

मी अजून रडले नाही असं माय मावशीला सांगते. तिला काळजी वाटते. रडू येत नाही, कारण रडणं हे आपल्यावर काही वाईट झालं म्हणून असते. हे माझ्यावर झालेलं नाही, मी केलेलं आहे. कायदा बरोबर होता, माझी अट बरोबर होती, उत्तरही बरोबर होतं. सगळं बरोबर येऊन माणूस मेला. कोणाला सांगू हे? ज्याला सांगितलं असतं, तो तुम्ही.

तेरवीनंतर मी घरोघर गेले. माझी वाट पाहू नका, सरकारी दवाखान्यात जाऊन दाखवा, असं सांगितलं. लोकांना ते आवडलं नाही. एकानं विचारलं, "म्हणजे बाबूजी गेले तं आमचं नाव खोडलं का?" भागरता काकू तर उखडलीच. "तुह्या बापानं माहं नाव लिहून देल्लं आहे. मी नाही जाणार कुठं. त्यायले का वाटन?"

"त्यायले काहीच नाही वाटणार काकू, ते नाहीत."

"तुले नाहीत," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

काल सकाळी ती स्वतःच आली. मी छपरीत पुस्तक उघडून बसले होते. वाचत नव्हते, मायला बरं वाटावं म्हणून बसते. काकू इकडचं तिकडचं बोलली. मायनं चहा दिला, तो प्याली. मग भिंतीकडं पाहत म्हणाली, "का व, एखाद्या बाईची चालता चालता पायातून चप्पल निघून जाते अना तिले समजतच नाही, तं ते का असते?"

मला उत्तर माहीत होतं. जिभेवर आलंही होतं. साखर, पायाच्या नसा, प्रश्न सोपा आहे. मी पुस्तक मिटलं.

"कोणाची?"

"आहे एक बाई."

"कोणाची चप्पल, काकू?"

तिनं लुगड्याखालून उजवा पाय पुढं काढला. तळव्याला जखम होती, बोटाएवढी खोल, आत काळी. काटा होता, केव्हाचा कोण जाणे. तिला दुखतही नव्हतं.

आज सकाळच्या गाडीनं मी तिला तिरोड्याला सरकारी दवाखान्यात नेलं. चिठ्ठी काढली, ओळीत बसलो. ती ओळीतल्या बायांना सांगत होती, "हे डॉक्टर आहे आमच्या गावची." मी तिला गप्प केलं नाही. पाय वाचेल म्हणाले, अजून आठ दिवस उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. येताना बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी खिडकीतून कापलेल्या बांध्या पाहत होते आणि मला फक्त राग येत होता. तो एक शब्द माझ्या तोंडात होता. तुमच्या वेळीही तिथंच होता.

परीक्षेला जाईन की नाही, माहीत नाही. माय म्हणते जा. गठ्ठा खुंटीला आहे, पण आता छप्पर आणि विळा कोण म्हणणार? आणि समजा झाले पास. आलं रजिस्ट्रेशन. वहीतल्या नावानं बोलवायचं ठरलं आहे. मी पहिलं नाव घेऊन कोणाला हाक मारू?

घरी आल्यावर मी पेन्सिल घेतली आणि दोन नंबरच्या नावावर रेघ मारली. वाकडी आली.

मग पेन्सिल तुमच्या नावावर नेली. बाबूजी, तिथं तुडुमापाशी मी तुम्हाला हात लावला. रजिस्ट्रेशन नव्हतं, तरी लावला. तुमच्या आधी मी कोणाला हात लावला नाही, ते मी पाळलं. मग तुमची पाळी झाली म्हणायची का? माझं उत्तर आहे, नाही झाली. पेन्सिल अजून हातात आहे. तुम्ही कधी खोटं बरोबर म्हटलं नाही, आताही म्हणू नका. फक्त सांगा, बरोबर का चूक.